प्रश्न कुणी लिहिले?

(दृश्य : बैठकीची खोली. लांब टेबल, भोवती माणसं.)

साहेब विचारतात, "मग, कुणाला काही अडचण?" सगळे गप्प. एक जण पेनाला टोपण लावतो. एक बाई वरिष्ठांकडे बघतात आणि मान खाली घालतात. बैठक आटोपते.

कोपऱ्यात बसलेल्या संशोधकानं वहीत काय टिपायचं? मनातलं तोंडावर बोलणं म्हणजेच प्रामाणिकपणा, अशा वातावरणात वाढलेला लिहील, 'आक्षेप नाही'. थोरांपुढे उलट बोलायचं नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेला मात्र त्या खाली गेलेल्या मानेपाशी अडेल. नकार तिथे असू शकतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

(दृश्य : छापील प्रश्नावल्यांचे गठ्ठे.)

बरं, संशोधक कुठे वाढला याचा हा परिणाम नुसत्या निरीक्षणापुरता नाही, प्रश्नांवरही होतो. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या संगणक कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांनी १ लाख १६ हजारांहून अधिक प्रश्नावल्या भरल्या. त्यांवरून डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी संस्कृतींची तुलना करायला चार निकष मांडले. वरिष्ठ-कनिष्ठांमधलं अंतर लोक कितपत गृहीत धरतात, हा त्यातलाच एक. उत्तरं जगभरची होती, प्रश्न मात्र पाश्चात्त्य डोक्यांतून निघालेले.

हाँगकाँगमध्ये शिकवणाऱ्या मायकेल बाँड यांनी हे उलटं करून पाहिलं. ते मूळचे कॅनडाचे. म्हणून मूल्यांची यादी स्वतः न करता त्यांनी चिनी अभ्यासकांनाच विचारलं, की तुमच्याकडे मोलाचं काय मानतात? त्यातून ४० मूल्यांची प्रश्नावली झाली आणि २२ देशांतल्या विद्यार्थ्यांनी ती भरली. १९८७ साली निष्कर्ष छापून आले. उत्तरांतून चार निकष निघाले. त्यांतले तीन हॉफस्टेड यांच्या निकषांशी बऱ्यापैकी जुळत होते. चौथा कशाशीच जुळेना. चिकाटी, काटकसर, नात्यांतली उतरंड, लाज अशी मूल्यं त्यात एकत्र आली होती. हॉफस्टेड यांनी पुढे तो पाचवा निकष म्हणून स्वीकारला. गंमत म्हणजे तो चीनपुरता नव्हताच, पाश्चात्त्य देशही त्यावर मोजता आले. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

(दृश्य : दोन संशोधक, समोर एकच उतारा.)

अर्थात त्याच संस्कृतीतला, घरचा माणूसही चुकतो. ओळखीचं दिसलं की 'त्यात काय, असंच असतं' म्हणून पुढे जातो. त्यामुळे एकच संभाषण वेगवेगळ्या संस्कृतींतल्या दोघांनी आधी आपापलं वाचावं, हे मला जास्त भरवशाचं वाटतं. दोघांचं जिथे जुळत नाही, ते उतारे बाजूला काढायचे. आणि मग बैठकीतल्या त्याच माणसांना, साहेब नसताना, पुन्हा भेटायचं.