दुसऱ्यांदा फोन कुणाला येतो

बसा बसा, मागे उभे राहू नका, पुढे जागा आहे. मी वक्ता वगैरे नाही, तीस वर्षं तबला वाजवून घर चालवलंय एवढीच माझी लायकी, त्यामुळे इकडून तिकडे गेलो तर सांभाळून घ्या.

आपल्या बडोद्याचं एक आहे, इथे संगीत म्हणजे नोकरी ही कल्पना फार जुनी. सयाजीरावांच्या काळात कलावंत कारखाना नावाचं दरबारी खातं होतं, त्यातून गवय्यांना, सारंगियांना महिन्याचा पगार मिळायचा, आणि १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांची गायनशाळा निघाली तीच पुढे सुरसागर तलावाजवळचं आपलं संगीताचं कॉलेज झाली. आता तो दरबार गेला. आता तुमचा दरबार म्हणजे फोनमधले ऐंशी-नव्वद नंबर, आणि त्यातल्या प्रत्येकाने तुम्हाला दुसऱ्यांदा बोलवायला पाहिजे. पहिल्यांदा तर कोणीही बोलावतं हो, ओळखीने, नाहीतर दुसरा कोणी मिळाला नाही म्हणून.

माझंच सांगतो. एकोणीस-वीसचा असेन, हात तयार होता, कायदे-रेले, म्हणजे तबल्याच्या रचना, तोंडपाठ आणि डोक्यात हवा. दांडिया बाजारात एका वाड्यात बैठक, गाणाऱ्या बाई वयाने मोठ्या, आणि त्या कुठल्या सुरात गाणार हे मी विचारलंच नाही. माझ्याकडे एकच तबला, मोठ्या तोंडाचा, पांढरी एकचा (सुरांची ही नावं पेटीच्या पट्ट्यांवरून). बाईंनी तंबोरा लावला काळी चारला! वर श्रावण, हवा दमट, पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, आधीच उतरलेली. मी हातोडी घेऊन ठोकतोय, वादीखालचे लाकडी गट्टे सरकवतोय, पंधरा मिनिटं झाली तरी चढेना, लोक खाली मान घालून चहा पितायत. शेवटी तसाच बेसूर वाजवला. बाई एक शब्द बोलल्या नाहीत, पाकीट दिलं, पाठीवर हात ठेवला. त्यानंतर दोन वर्षं त्यांचा फोन नाही.

नंतर एका जुन्या तबलजीकाकांना हे सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, अरे काय गात होत्या? मी म्हटलं, बागेश्री. मग तबला सा ऐवजी मध्यमात, म्हणजे म मध्ये, लावायचास ना, काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, तुझ्यापेक्षा फक्त अर्धा सूर वर, आणि बागेश्रीत मध्यमासारखा सूर नाही! म्हणजे बघा, रेले येत होते पण हे माहीत नव्हतं, आणि समोरच्याला विचारायची लाज वाटत होती. ती लाज मला दोन वर्षांना पडली.

तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करून विचारतो, कुठला सूर, किती वेळ, माइक कोणाचा, आणि हो, मानधन किती. पैशाचं आधीच बोलायचं, गोड आवाजात पण स्पष्ट. "बघून घेऊ" म्हणणारा माणूस नंतर बघत नाही, हे मी लिहून देतो.

दुसरं म्हणजे नवरात्र. इथल्या शास्त्रीयवाल्या पोरांना गरब्यात वाजवायला कमीपणा वाटतो. कसला कमीपणा? नऊ रात्री, तीन-चार तास नॉनस्टॉप, गरब्याचा हिंच ताल सहा मात्रांचा, जरा लय हलली की हजारो पायांना कळतं, तुमच्या झपतालाची चूक इतके लोक पकडत नाहीत! फैयाझ खाँसाहेब याच गावचे दरबारी गवई, आग्रा घराण्याचे, नोमतोम-धमारसारखं भारदस्त गाणारे, त्याच बैठकीत ठुमरी-दादऱ्यासारखं हलकं गाणंही मनापासून गायचे. मग आपण कोण नाक मुरडणारे? फक्त स्पीकरच्या तोंडाशी बसू नका आणि कानात बोळे घाला, कान गेले तर दुकान बंद.

आणि कमी वाजवायला शिका. हे सगळ्यात अवघड आहे. गायिका विलंबितात बढत करत असते, राग सावकाश उलगडत असते, आणि आपला पोरगा मध्येच तिहाई, तीनदा वाजवायचा तुकडा, मारतो, टाळी मिळते त्याला, पण गायिका मनातल्या मनात पुढच्या वेळचा दुसरा माणूस ठरवून टाकते. टाळी प्रेक्षक देतात, फोन ती करते ना.

आता कोणीतरी विचारेल, रोज रियाज किती? मी काय सांगू, मुलं लहान होती तेव्हा चाळीस मिनिटं पण झाला नाही कधी कधी. पण माझी बॅग आज बघा, दोन तबले, एक छोट्या तोंडाचा, एक मोठ्या, हातोडी, पावडर, चुंबळ दोन. त्या बाईंचा फोन आला होता नंतर, तिसऱ्या वर्षी, त्यांचा नेहमीचा माणूस आजारी पडला म्हणून. मी विचारलं, काळी चारच ना? त्या म्हणाल्या, नाही रे, आता वय झालं, काळी तीन.