नवी रॅम आणि अर्धे फोटो

(दृश्य : मॉनिटरवर लग्नाचा एक फोटो. कॅमेरा वरून खाली सरकतो.)

अंतरपाटाच्या वर नवरदेवाचा चेहरा, मुंडावळ्या, पाठीशी उभे मामा. इथपर्यंत फोटो स्वच्छ आहे. त्याखाली एका आडव्या रेषेपासून सगळं बिनसलंय. रंग हिरवट पडलेत, हात बाजूला सरकलेत, शालूचा काठ भलतीकडूनच सुरू होतोय. हाच फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात अगदी ठीक आहे. बिघडलीय ती कॉम्प्युटरवर उतरवलेली प्रत.

कराडमधला हा फोटो स्टुडिओ. लग्नसराईत अल्बम वेळेवर जावेत म्हणून इथल्या कॉम्प्युटरची रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, वाढवली. आधी ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या. शेजारचे दोन स्लॉट रिकामे होते, त्यांत १६ जीबीच्या दोन बसवल्या. एकूण ४८ जीबी. सुरुवातीला मशीन सुसाट चाललं. मग एक्स्पोर्टला लावलेला अल्बम मध्येच सोडून निळा स्क्रीन यायला लागला. कधी निळा स्क्रीनही नाही, थेट रिस्टार्ट. कधी सगळं चालू, फक्त ब्राउझर आपोआप बंद. दोन दिवस काहीच नाही आणि तिसऱ्या दिवशी जेवायच्या आत दोनदा.

असं झालं की सल्ले मिळायला वेळ लागत नाही. विंडोज फॉरमॅट मारा. व्हायरस असेल. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बदला. ग्राफिक कार्डचा ड्रायव्हर टाका. इथे लाइट कमी-जास्त होते, त्याचाच परिणाम. यातला कुठलाच सल्ला वेडगळ नाही, आणि म्हणूनच माणूस भरकटतो. खराब मेमरी स्वतःचं नाव कधी सांगत नाही. चुकलेल्या जागेवर त्या क्षणी ज्याचा डेटा होता, तो प्रोग्रॅम पडतो आणि दोष त्याच्या माथी बसतो. आज फोटोशॉप, उद्या ब्राउझर, परवा खुद्द विंडोज.

या चकव्यात भलेभले सापडलेत. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्यांनी लिहिला ते लायनस टोरवाल्ड्स २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये याच त्रासात होते. त्यांच्या मुख्य मशीनवर कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, मध्येच कोसळायचा. कर्नलमध्येच नवी चूक शिरली असावी, असा त्यांना आधी संशय आला. निघाली ती अडीच वर्षं नीट चाललेली आणि मग बिघडलेली रॅमची स्टिक. तोवर इतरांनी पाठवलेले बदल कर्नलमध्ये विलीन करायचं काम त्यांना लॅपटॉपवर करावं लागलं.

(दृश्य : विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर. नोंदींची यादी खाली सरकते.)

दुरुस्तीला आलेला मुलगा स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी ही यादी उघडतो. यात ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सगळ्यांना दिसते आणि पुष्कळ जण तिथेच थांबून पॉवर सप्लाय बदलून टाकतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कशामुळे, ते तिला ठाऊक नसतं. या मुलाची नजर आहे निळ्या स्क्रीनच्या कोडवर. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. ड्रायव्हर खराब असता, तर बहुतेक वेळा त्याच एका फाइलचं नाव फिरून फिरून आलं असतं. इथे दर वेळी कोड वेगळा आणि फाइलही वेगळी. हे सगळं सुरू झालं नवी रॅम बसल्यानंतर. संशयाला एवढं पुरे आहे. पुराव्याला नाही.

रॅमच्या आत काय चाललेलं असतं, ते थोडं जवळून पाहू.

(दृश्य : रॅमच्या काळ्या चिपचा क्लोज-अप. मग रेखाचित्र : एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर.)

एका बिटसाठी, म्हणजे एका शून्यासाठी किंवा एकासाठी, एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड यांची ही रचना. तिचं पेटंट १९६८ चं आहे आणि आजची डीडीआर ५ या पिढीची रॅमही त्याच तत्त्वावर चालते. कपॅसिटर भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. पण तो झिरपत्या माठासारखा आहे, भरून ठेवला तरी गळत राहतो. म्हणून डीडीआर ४ मधली प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर त्याच्या निम्म्या वेळात. १६ जीबीच्या एका स्टिकमध्ये असे सुमारे १३,७०० कोटी बिट असतात. हे सगळं तंतोतंत चालतं यात मला आजही नवल वाटतं.

आता यातला एकच बिट उलटा झाला तर काय होतं, ते बघा.

(दृश्य : पडद्यावर ‘काळे’. एक क्षण थांबून ‘गाळे’.)

कॉम्प्युटरच्या लेखी ‘क’ आणि ‘ग’ या अक्षरांच्या क्रमांकांत फक्त एका बिटचा फरक आहे. तो उलटला की अल्बमवरचे काळे गाळे होतात. इंग्रजी आकड्यांमधल्या एक आणि नऊमध्येही तेवढाच फरक, एका बिटचा. बिलातले १,५०० रुपये ९,५०० व्हायला तेवढा पुरतो. आणि फोटो? जेपीजी या फोटोच्या फाइलीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन असतात. प्रत्येक चौकोनाचा उजेड आधीच्या चौकोनापेक्षा किती कमी किंवा जास्त, असा लिहिलेला असतो. मध्ये एक आकडा चुकला की पुढचे सगळे त्या चुकीवर उभे राहतात. म्हणून अंतरपाटाच्या वर सगळं ठीक आणि खाली सगळं हिरवं.

इथेच मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. मशीन बंद पडणं हे यातलं लहान नुकसान. बंद पडलं तर निदान कळतं. पण उलटलेला बिट प्रोग्रॅमच्या जागी न पडता फोटोच्या, हिशेबाच्या किंवा पत्राच्या जागी पडला, तर काहीच होत नाही. फाइल मुकाट्याने चुकीची सेव्ह होते. कार्डावरून हार्ड डिस्कवर जाणारा प्रत्येक फोटो वाटेत रॅममधून जातो. बॅकअपही तिथूनच जातो. त्यामुळे मेमरीवर संशय आहे आणि घाईघाईने बॅकअप घेतला, तर चांगल्या जुन्या बॅकअपवर बिघडलेली प्रत चढू शकते. फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं, तर त्याच्याही फाइली त्याच रॅममधून जाणार. आधी नवी रॅम काढा. मग बॅकअप. हा क्रम उलटा झाला तर पुढची सगळी दुरुस्ती वाया जाते.

(दृश्य : स्टुडिओ. कॅबिनेट टेबलावर आडवं. बाजूची झाकण-पट्टी काढलेली.)

“ताई, रॅम टाकल्यापासूनची कार्डं फॉरमॅट केलीत का?”

“दोन केली रे. बाकीची डब्यात आहेत तशीच.”

“बाकीच्यांना हात लावू नका. त्या दोनांवर नवीन काही शूट केलंय?”

“एकावर केलंय. काल हळद होती ना.”

तो वायर काढतो. वायर काढल्यावरही पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरतो, आत उरलेला करंट निघून जावा म्हणून. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्टॅटिक घालवतो आणि स्टिकच्या कडांवर बोट फिरवतो. ही तपासणी साधी वाटते, पण कितीतरी दुखणी इथेच संपतात. काही मदरबोर्डांवर स्लॉटची कडी एकाच बाजूला असते. तिकडून टिक असा आवाज आला की स्टिक बसली असं वाटतं आणि दुसरं टोक केसभर वर राहिलेलं असतं. इथे मात्र चारही स्टिक नीट बसलेल्या आहेत.

आपल्याकडे पुढची पायरी ठरलेली असते, खोडरबर. रॅम काढायची, पिवळ्या पट्ट्या खोडरबरने घासायच्या आणि परत लावायची. पुष्कळदा मशीन चालूही होतं. पण त्याचं श्रेय बहुधा स्टिक काढून पुन्हा बसवण्याला जातं, घासण्याला नाही. त्या पट्ट्यांवर सोन्याचा अतिशय पातळ थर असतो. खोडरबर तो झिजवतो आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. पट्ट्या पुसायच्याच असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती नसलेलं, तंतू न सोडणारं कापड घ्या.

(दृश्य : पेन ड्राइव्ह. काळ्या-निळ्या पडद्यावर पुढे सरकणारे आकडे.)

हे मेमटेस्ट. या प्रोग्रॅमचं मूळ १९९४ चं, क्रिस ब्रॅडी यांनी लिहिलेलं. आज त्याच्या दोन शाखा आहेत, मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६+, आणि दोन्ही फुकट मिळतात. हा विंडोजमध्ये चालत नाही, पेन ड्राइव्हवरून थेट सुरू होतो. विंडोज चालू असताना मेमरीचा काही भाग त्यानेच व्यापलेला असतो, तिथे तपासणी पोचत नाही. मेमटेस्ट स्वतःला थोडीशीच जागा ठेवतो. बाकी प्रत्येक जागी ठरावीक नमुना लिहितो, वाचतो, उलटा करून लिहितो, पुन्हा वाचतो. एक फेरी स्वच्छ गेली म्हणून सुटलो असं नाही. काही चुका कॅबिनेट तापल्यावरच येतात, म्हणून रात्रभर लावायचा.

आता सबुरीचं काम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फक्त नवी जोडी, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बहुतेक बोर्डांवर दोन स्टिकसाठी हेच स्लॉट असतात. रात्रभर चाचणी. एकही चूक नाही. मग फक्त जुनी जोडी. तीही स्वच्छ. मग चारही एकत्र.

(दृश्य : पडद्यावर लाल ओळी.)

लाल. अपेक्षित आकड्यात आठही जागी ‘एफ’, वाचलेल्या आकड्यात शेवटून दुसऱ्या जागी ‘डी’. एकच बिट. थोड्या वेळाने दुसऱ्या पत्त्यावर आणखी एक.

म्हणजे एकही स्टिक खराब नाही. ज्या दुकानातून ती घेतली त्याने फसवलेलं नाही, आणि जुन्या रॅमचंही वय झालेलं नाही. इथे बदलून मागणं, परत करणं, दुसरी आणणं यात आठवडे गेले असते आणि नव्या स्टिकनेही तेच केलं असतं.

दोष आहे चौघींना मिळून दिलेल्या वेगात. रॅमच्या खोक्यावर ३६०० असा आकडा असतो. तो वेग एक्सएमपी नावाच्या सेटिंगमधून येतो. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, ते चालू केलं की वेग वाढतो आणि व्होल्टेज १.२ वरून सहसा १.३५ होतं. डीडीआर ४ चं प्रमाणित मानक ३२०० ला संपतं. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे मानकापेक्षा जास्त वेगाने पळवणं, मग ते खोक्यावर कितीही ठळक छापलेलं असो. आणि खोक्यावरचं वचन त्या खोक्यातल्या दोन स्टिकपुरतं असतं. शेजारी आणखी दोन बसल्या की एकाच तारेवर दोन स्टिकचा भार येतो, सिग्नलच्या कडा बोथट होतात आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला एक आणि शून्य वेगळे ओळखायला मिळणारी जागा आक्रसते.

हे लपवलेलं नाही. एएमडी कंपनीने आपल्या रायझन ५००० प्रोसेसरसाठी जाहीर केलेले आकडे बघा. दोन स्टिक असतील तर ३२००. चार असतील आणि त्या ड्युअल रँक असतील, म्हणजे प्रत्येकीवर चिपचे दोन संच, तर २६६७. डीडीआर ५ मध्ये ही दरी आणखी मोठी आहे. रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२०० आणि चारवर ३६००. मदरबोर्डाला चार स्लॉट आहेत म्हणून चारही भरायचे, ही आपली सवय. रॅम घेताना हा तक्ता समोर ठेवणारा दुकानदार भेटला तर त्याला सोडू नका.

(दृश्य : बायॉसचा पडदा. ३६०० वरून २६६६.)

एक्सएमपी बंद. वेग २६६६. चारही स्टिक जागेवर. रात्रभर मेमटेस्ट, सकाळी एकही लाल ओळ नाही.

“ताई, दोन मार्ग आहेत. जुन्या दोन काढल्या तर ३२ जीबी राहील, वेग पूर्ण. चारही ठेवल्या तर ४८, पण वेग कमी.”

“अल्बम करताना काय फरक पडेल?”

“मोठे अल्बम उघडलेत तर जागा जास्त लागते. वेगाचा फरक तुम्हाला जाणवणार नाही फारसा.”

“मग राहू देत चारही.”

मलाही हाच निर्णय पटतो. जागा कमी पडली की काम हार्ड डिस्कवर जातं, आणि तिथे जो वेळ जातो त्यापुढे रॅमच्या वेगातला हा फरक काहीच नाही.

असा उलटलेला बिट पकडायची सोय अस्तित्वात आहे. ईसीसी मेमरीत प्रत्येक ६४ बिटांमागे आठ जास्तीचे बिट असतात. एका बिटची चूक ती जागच्या जागी दुरुस्त करते आणि दोन बिटांची चूक निदान ओळखते. गूगलच्या सर्व्हरवर झालेला मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये चूक आढळली होती. ते सर्व्हर ईसीसीवर होते, म्हणून मोजता आलं. घरच्या आणि स्टुडिओच्या बहुतेक मशीनमध्ये ही सोय नसते. डीडीआर ५ मध्ये चिपच्या आतली दुरुस्ती आली आहे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती पहारा देत नाही. आणि आपल्या गोष्टीतली चूक त्या वाटेवरचीच होती.

(दृश्य : कार्ड रीडरमध्ये कार्ड. पडद्यावर फाइलींच्या दोन याद्या.)

आता उरलेलं काम सगळ्यात मोठं आहे. रॅम टाकल्याच्या तारखेपासून कॉम्प्युटरवर आलेला एकही फोटो जसाच्या तसा खरा मानायचा नाही. डब्यातली कार्डं पुन्हा उतरवली. कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, काढून दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. एका बिटचा फरक असला तरी हॅश वेगळा येतो, त्यामुळे डोळ्यांना धड दिसणारे पण आतून बदललेले फोटोही यात सापडले. विंडोजच्या फाइलींसाठी ‘एसएफसी स्कॅन नाऊ’ चालवलं, डिस्कसाठी ‘चेक डिस्क’.

फॉरमॅट केलेल्या दोन कार्डांपैकी एकावर नवीन काही शूट झालं नव्हतं. कॅमेऱ्यातला फॉरमॅट बहुधा फाइलींची यादीच पुसतो, फोटो तिथेच असतात. रिकव्हरी प्रोग्रॅमने ते परत आले. दुसऱ्या कार्डावर हळदीचे फोटो चढले होते. तिथले बिघडलेले फोटो गेले ते गेलेच. ताईंनी त्याच क्षणाच्या आगेमागे टिपलेल्या फोटोंमधून अल्बम लावायला घेतला, आणि त्या घरच्या मंडळींना फोन करून काय झालं ते आधीच सांगितलं.