राणीची साठ वर्षं आणि न बोलावलेली बोट

नमस्कार श्रोतेहो.

२२ जून १८९७. ही तारीख ऐकली की आपल्यापैकी बहुतेकांना पुण्याचा गणेशखिंडीचा रस्ता आठवतो, चाफेकर बंधू आठवतात, रँड आठवतो. ती रात्र आपण शाळेतच शिकलो आहोत, ती पुन्हा सांगत बसत नाही. पण रँड ज्या समारंभाहून परत निघाला होता, तो समारंभ कशाचा? व्हिक्टोरिया राणीला गादीवर बसून साठ वर्षं झाली, त्याचा. हीरक महोत्सव. इकडे प्लेग आणि दुष्काळ, आणि राजभवनावर रोषणाई. तीच रोषणाई त्या दिवशी साम्राज्यभर होती, आणि तिचं मूळ होतं लंडनमध्ये. आज आपण तिकडे जाऊ. मात्र लंडनमध्ये फार वेळ थांबायचं नाही, कारण मला जी गोष्ट सांगायची आहे ती समुद्रावरची आहे.

दोन वार लक्षात ठेवा. मंगळवारी मिरवणूक, शनिवारी आरमार. मंगळवार २२ जून, शनिवार २६ जून.

आधी मंगळवार. राणी तेव्हा ७८ वर्षांची. १८३७ साली गादीवर आली होती. १८९६च्या सप्टेंबरातच तिने आपल्या आजोबांचा, तिसऱ्या जॉर्जचा, सगळ्यात जास्त काळ गादीवर राहण्याचा विक्रम मोडला होता. पण काय तो सोहळा साठ वर्षं पुरी झाल्यावर करा, असं तिनेच सांगितलं. दहा वर्षांपूर्वी सुवर्णमहोत्सवाला युरोपातले राजे-महाराजे पाहुणे म्हणून आले होते. त्याच वर्षी आपल्या मुंबईत बोरीबंदरच्या स्टेशनाला तिचं नाव मिळालं आणि व्हीजेटीआय सुरू झालं. त्यातला ‘जे’ तेव्हा ज्युबिलीचा होता. या खेपेला वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी डोकं चालवलं. म्हणाले, राजे नकोत, साम्राज्य दाखवू. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका वगैरे ठिकाणच्या वसाहतींचे अकरा पंतप्रधान बोलावले आणि जगभरातल्या पलटणी आणल्या. राजे न बोलावल्यामुळे आणखी एक फायदा झाला. जर्मनीचा कैसर, म्हणजे राणीचा नातू, आपोआप टळला. नको असलेला एक नातेवाईक टाळण्यासाठी समारंभाचं स्वरूपच बदलणं, हे आपल्याकडच्या लग्नघरांनाही सुचलेलं नाही.

राणी निघाली. उघडी बग्गी, आठ पांढुरके घोडे, सहा मैलांचा रस्ता. खिडक्यांमधल्या जागा भाड्याने दिलेल्या, दुकानांपुढे लाकडी मांडव, आणि बसायचे भाव आभाळाला भिडलेले. बग्गी सेंट पॉल्स कॅथेड्रलपुढे आली आणि तिथेच थांबली. राणीचे पाय दुखायचे, तेवढ्या पायऱ्या चढणं तिला शक्य नव्हतं. बग्गी घोड्यांसकट आत न्यावी अशीही सूचना म्हणे कुणी तरी केली होती! शेवटी देवच बाहेर आला म्हणायचा. बिशप पायऱ्यांवर उभे राहिले, गाणारे पायऱ्यांवर, आणि राणी बग्गीत बसल्या बसल्या हात जोडून मोकळी. राणीची एक चुलत बहीण भयंकर चिडली होती. साठ वर्षं राज्य करायचं आणि देवाचे आभार रस्त्यात मानायचे? मला विचाराल तर पंचवीस मिनिटांच्या आत आटपलेला इतका मोठा समारंभ पुन्हा झालेला नाही. आपल्याकडे व्यासपीठावरच्या मान्यवरांचे सत्कारच तेवढ्यात होत नाहीत. नारळ, शाल, पुन्हा नारळ. असो.

बग्गीच्या मागे लॉर्ड डंडोनाल्ड घोडीवर होते. घोडी बावरलेली. ते तिला सारखे चुचकारत होते, ‘शांत हो, म्हातारे! सबूर, सबूर!’ पुढे बसलेल्या राणीला वाटलं, हे आपल्यालाच चाललंय. घोडीशी बोलताहेत हे तिला बऱ्याच वेळाने कळलं, असं सांगतात.

आणि लिप्टन! चहावाला लिप्टन. लंडनमधल्या गरिबांना जेवण घालायची योजना युवराज्ञी अलेक्झांड्राने काढली होती, पैसे जमेनात. थॉमस लिप्टन यांनी २५,००० पौंड दिले. सुमारे चार लाख माणसांच्या जेवणाची ती योजना. पुढच्या वर्षी लिप्टन यांचे सर लिप्टन झाले. चहावरून आठवलं, चहात आलं घालावं, गवती चहा घालावा, वेलची घालू नये. वेलची बासुंदीत. हे माझं मत आहे, रेडिओ केंद्राचं नाही.

झाला मंगळवार. आता शनिवार. मंगळवारी मिरवणूक, शनिवारी आरमार.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथजवळ स्पिटहेड नावाची जागा आहे. तिथे ब्रिटिश आरमाराचं संचलन होतं. संचलन म्हणजे जहाजं चालत नाहीत, रांगा करून नांगरून उभी राहतात, आणि राजघराण्यातली माणसं त्यांच्यामधून बोटीने फिरतात. १६० हून जास्त युद्धनौका उभ्या होत्या. मैलोगणती रांगा. आणि खरी ऐट पुढेच आहे. भूमध्य समुद्रातलं किंवा दूरच्या ठाण्यांवरचं एकही जहाज यासाठी हलवलेलं नव्हतं. घरात शिल्लक होतं तेवढंच मांडलं होतं! परदेशी पाहुण्यांनी आपापली एकेक नौका पाठवलेली, त्यांचीही एक रांग. राणी स्वतः आली नव्हती. युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, राजनौकेत बसून पाहणी करत होते. सगळं शिस्तीत. खलाशी कठड्यांपाशी ओळीने उभे, तोफांच्या सलाम्या, बँड.

आणि अशात एक बोट घुसली.

लांबी १०० फुटांच्या थोडी वर. रुंदी फक्त ९ फूट. नुसती एक सुरी पाण्यावर ठेवावी तशी. नाव टर्बिनिया. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव नव्हतं. ती त्या रांगांमधून सुटली ती अशी, की नाक वर उचललेलं, मागे पाण्याचा डोंगर, धुराड्यातून ज्वाळा. गस्तीच्या बोटी तिला हटवायला धावल्या. पण हटवणार कशा? गाठता तर आली पाहिजे ना! आरमारातल्या वेगवान विनाशिका तीस नॉटच्या आसपास थकायच्या. ही चौतीसवर. चौतीस नॉट म्हणजे ताशी ६३ किलोमीटर, पाण्यावर, १८९७ साली! एक गस्तीची बोट तिच्या वाटेत आली आणि थोडक्यात वाचली, असंही सांगतात. जगातल्या सगळ्यात मोठ्या आरमाराच्या डोळ्यांदेखत ती फिरली, वळली, पुन्हा गेली, आणि आरमाराकडे तिच्या बरोबरीने पळेल असं एकही जहाज नव्हतं. एकही नाही.

बोटीवर तिचा कर्ता स्वतः हजर होता. चार्ल्स पार्सन्स. वय ४३. घराणं आयर्लंडमधलं, बाप सरदार. हा बापही अफाट माणूस. त्याने घराच्या आवारात त्या काळातली जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण उभारली होती. मुलगे शाळेत गेले नाहीत, घरी शिकवायला खगोलशास्त्रज्ञ. मुलांना घरी हत्यारं, लेथ, भट्टी हाताळू द्यावी, असं मला फार वाटतं. आपण पोराच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की काढून घेतो आणि मग म्हणतो, आमच्याकडे संशोधक का होत नाहीत.

तर पार्सन्स यांनी १८८४ साली वाफेचं नवं यंत्र केलं होतं. जुन्या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या मागे-पुढे होतो, आणि ते मागे-पुढे दांड्यांनी गोल फिरवावं लागतं. पार्सन्स म्हणाले, मधला खटाटोप कशाला? भिरभिरं वाऱ्यावर फिरतं तशी पाती थेट वाफेवरच फिरवू. एकामागे एक पात्यांच्या कितीतरी ओळी, प्रत्येक ओळ वाफेतली थोडी थोडी शक्ती काढून घेणार. हाच टर्बाइन. जमिनीवर वीज करायला तो चालायला लागला होता. जहाजात घालू म्हटलं तर आरमार हलेना.

मग स्वतःच बोट बांधली. १८९४ साली, न्यूकॅसलजवळ टाइन नदीवर. आणि काय झालं? फसली! पहिल्या चाचण्यांत वीस नॉटसुद्धा गाठेना. टर्बाइन चांगला, पण तो इतका जोरात फिरे की बोटीला पुढे ढकलणाऱ्या पंख्याभोवती पाण्यात पोकळ बुडबुडे तयार होत आणि पंखा पाणी ढकलायचं सोडून त्या पोकळीतच गरगरत राही. पार्सन्स यांनी लहानशी टाकी केली, तिच्यात छोटा पंखा फिरवला आणि ते बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग एका टर्बाइनचे तीन केले, तीन दांडे, प्रत्येक दांड्यावर तीन पंखे. किती झाले? नऊ. एका चिमुकल्या बोटीला नऊ पंखे. आणि बोट पळाली.

ही चाल त्यांनी लपूनछपून खेळली नव्हती. टर्बिनियाच्या चाचण्या जाणकारांना ठाऊक होत्या. पण कागदावर वाचणं वेगळं, आणि युवराजांपुढे, परदेशी नौदलांपुढे आपल्या गस्तीच्या बोटींची फजिती बघणं वेगळं. दोन वर्षांत आरमाराची पहिली टर्बाइनची विनाशिका पाण्यात उतरली. १९०६ साली ड्रेडनॉट ही युद्धनौका आली, टर्बाइनवर चालणारी, आणि तिच्यापुढे स्पिटहेडला त्या शनिवारी दिमाखात उभी असलेली मोठमोठी जहाजं एकदम जुनीपुराणी झाली. ज्या ताकदीचं प्रदर्शन मांडलं होतं, तिला म्हातारं करणारी बोट त्याच प्रदर्शनात, निमंत्रणाशिवाय, सगळ्यांच्या नाकासमोरून गेली होती.

राणीने दैनंदिनीत मिरवणुकीबद्दल भरभरून लिहिलं, असा जयजयकार कुणाच्याच वाट्याला आला नसेल म्हणून. सेंट पॉल्सच्या पायऱ्यांपुढे तिची बग्गी थांबली तिथे फरशीवर तसा लेख कोरलेला आहे, पर्यटक त्यावरून चालत जातात. पुढे एलिझाबेथ राणीने सत्तर वर्षांचा सोहळा पाहिला, तो तर आपण टीव्हीवर बघितला. आणि पार्सन्स यांचं भिरभिरं? कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे, जिथे जिथे कोळसा जाळून वीज होते, तिथे ते फिरतंय. भिंतीतल्या बटणावर रेडिओ लावून हे ऐकत असाल तर त्या विजेतला मोठा वाटा त्याचाच.

टर्बिनिया अजून आहे. मध्यंतरी तिला कापून दोन तुकडे केले होते, मागचा भाग लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवला होता. पुन्हा जोडली. आता न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये आहे, आख्खी. लेक-जावई, मुलगा-सून तिकडे असतील तर ते तुम्हाला बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकापुढे उभं करून फोटो काढतीलच. काढू द्या. मग सांगा, आता आम्हाला न्यूकॅसलला न्या. लंडनहून आगगाडीने साधारण तीन तास. म्युझियमला तिकीट नाही. आणि मागच्या बाजूला जाऊन पंखे मोजा. नऊ भरले पाहिजेत.

नमस्कार.