उभ्या जपानी पानावर आधी पूर्णविराम पाहा

(ई-पुस्तकांच्या निर्मितीत काम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जपानी कादंबरी आजही उभ्या ओळींत छापली जाते. अक्षरं वरून खाली उतरतात, ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात आणि पुस्तक आपल्या पुस्तकाच्या उलट बाजूनं उघडतं. या मांडणीला जपानीत 'तातेगाकी' म्हणतात. वेबसाइट, ऑफिसचे कागद, विज्ञानाची पुस्तकं तिकडे आडवी असतात. पण कथा-कादंबरी, वर्तमानपत्रं आणि मांगा म्हणजे चित्रकथा यांनी उभी ओळ सोडलेली नाही.

असं पुस्तक ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, होऊन आपल्या हाताखालून जातं, तेव्हा तक्रार बहुधा एका वाक्याची येते : 'फॉन्ट नीट दिसत नाही.' लगेच आपण फॉन्ट बदलून बघतो. तो नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. माझं आज एवढंच सांगणं आहे की फॉन्टला हात लावण्याआधी पानावरचा पूर्णविराम बघा. तो नेमका कुठे बसलाय, यावरून दोष कुठला हे पुष्कळदा तिथल्या तिथे कळतं. आणि त्यासाठी जपानी वाचता यावं लागत नाही.

जपानी छपाईत प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा एक अदृश्य चौकोन मिळतो. पूर्णविरामालाही तेवढाच. त्यांचा पूर्णविराम म्हणजे एक छोटं वर्तुळ. आडव्या ओळीत ते चौकोनाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतं, उभ्या ओळीत वरच्या उजव्या कोपऱ्यात. स्वल्पविरामाचंही तसंच. काना म्हणजे जपानी उच्चारदर्शक अक्षरं; त्यांतली लहान आकाराचीही उभ्या ओळीत उजवीकडे वर सरकतात. कंस नव्वद अंशांत वळतात. 'रामेन' शब्दातला 'रा' लांबवणारी जी आडवी रेघ असते, ती उभी होते.

हे सगळं होतं कसं? चांगल्या जपानी फॉन्टमध्ये अशा चिन्हांची दोन रूपं असतात, एक आडव्या ओळीसाठी आणि एक उभ्या ओळीसाठी. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं जागतिक मानक. त्यात उभ्या रूपासाठी सहसा वेगळा क्रमांक वापरत नाहीत. मजकुरात आडवंच चिन्ह असतं आणि फॉन्टमध्येच लिहिलेला 'व्हर्ट' नावाचा (ओपनटाइप या फॉन्ट-प्रकारातला) नियम ओळ उभी झाली की आडवं रूप काढून उभं बसवतो. आता तो नियमच फॉन्टमधून गळाला तर? युनिकोडच्या परिशिष्ट ५० मध्ये याची सोय आहे. तिथे या चिन्हांचे दोन गट केलेत. कंस आणि लांबवणारी रेघ यांचं उभं रूप सापडलं नाही, तर त्यांना सरळ फिरवायचं. पूर्णविराम, स्वल्पविराम आणि लहान काना यांचं उभं रूप सापडलं नाही, तर त्यांना आहे तसंच ठेवायचं.

हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण निदान त्यातच आहे. कंस बरोबर वळलेत, पण पूर्णविराम खालच्या डाव्या कोपऱ्यात अडकलाय, असं दिसलं की समजा : ॲप आपलं काम करतंय, फॉन्टनं उभी रूपं गमावली आहेत. कंस आणि रेघसुद्धा आडवेच राहिले असतील, तर संशय ॲपवर घ्या. मिंचो वळणाच्या, म्हणजे जाड-बारीक रेघांच्या, फॉन्टमध्ये आणखी एक बारकावा आहे. त्यातली उभी रेघ ही आडवी रेघ फिरवून होत नाही, तिचा टोकाचा डौल वेगळा काढलेला असतो. नुसती फिरवलेली रेघ जपानी वाचकाला लगेच खटकते. आपल्याला ती खटकायला सराव लागतो, पण लागतो तेवढा करावा.

आता उभी रूपं गळतात कुठे, ते पाहू. जपानी फॉन्ट फाइल प्रचंड असते. अडोबी आणि गूगल यांनी २०१४ साली मिळून आणलेल्या सोर्स हान सान्समध्ये एका फॉन्टमध्ये बसू शकतात तेवढी सगळी, म्हणजे अक्षरांची ६५,५३५ चित्रं आहेत. असला फॉन्ट पुस्तकात अख्खा घालणं परवडत नाही, म्हणून आपण त्याचं सबसेट करतो : पुस्तकात आलेली अक्षरं ठेवायची, बाकीची काढायची. कच्चं साधन फक्त मजकुरातले क्रमांक मोजतं. पूर्णविरामाचा क्रमांक सापडला, त्याचं आडवं चित्र ठेवलं. उभ्या चित्राला क्रमांकच नाही, मग ते कचऱ्यात गेलं. आपल्या जोडाक्षरांचंही असंच आहे. 'क्ष' किंवा 'त्र' यांच्या चित्राला युनिकोडात स्वतंत्र क्रमांक नाही, नियमानं ते चित्र येतं. देवनागरी फॉन्ट असाच कापला तर पाय मोडलेली अक्षरं दिसतात आणि ती आपल्याला क्षणात कळतात. जपानी पानावर तेच झालं तरी आपल्या नजरेला ते कळत नाही. म्हणून सबसेट करताना अदलाबदलीचे नियम आणि त्यांतून पोहोचता येणारी सगळी चित्रं राखली जातायत का, हे साधनाच्या सेटिंगमध्ये बघून घ्या. उभ्या मापांची कोष्टकंही राहू द्या, नाहीतर अक्षरं ओळीत खालीवर सरकतात.

ही शंका पडताळायला सोपी आहे. वाचन-ॲपमध्ये प्रकाशकाचा फॉन्ट बंद करून यंत्रातला जपानी फॉन्ट लावा. पूर्णविराम जागेवर आला, तर दोष तुमच्या फॉन्ट फाइलचा.

कधीकधी मात्र फॉन्ट बंद-चालू करून काहीच फरक पडत नाही. म्हणजे घातलेला फॉन्ट मुळात उघडलाच गेलेला नसतो. ईपबमध्ये फॉन्ट सहज काढून नेता येऊ नये म्हणून तो झाकून ठेवायची रीत आहे. पुस्तकाच्या ओळख-क्रमांकावरून किल्ली बनते आणि तिनं फाइलचे पहिले १,०४० बाइट बदलले जातात. अडोबीच्या जुन्या पद्धतीत १,०२४. ॲप तीच किल्ली बनवून फॉन्ट उघडतं. मग कुणीतरी शेवटच्या क्षणी ओळख-क्रमांक बदलतं, आयएसबीएन मिळाला म्हणून किंवा दुसऱ्या दुकानासाठी वेगळी प्रत हवी म्हणून. किल्ली बदलली, फॉन्ट जुन्याच किल्लीनं झाकलेला. ॲप तो निमूटपणे बाजूला टाकतं आणि आपण स्टाइलशीट, म्हणजे मजकूर कसा दिसावा हे सांगणारी फाइल, उलटसुलट करत बसतो. ओळख-क्रमांक बदलला की फॉन्ट नव्यानं झाकायचा, हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

पूर्णविरामाची तिसरी जागा म्हणजे चौकोनाच्या मधोमध. तो तिथे दिसला तर फॉन्ट जपानी नाहीच. तैवान आणि हाँगकाँगच्या छपाईत पूर्णविराम मध्यभागी असतो. असं होण्याचं कारण युनिकोडनं चिनी, जपानी, कोरियन लिप्यांमधल्या समान अक्षरांना एकच क्रमांक दिलाय. भाषा सांगितली नाही, तर यंत्र हाताला लागेल तो फॉन्ट घेतं. मग 'हाड' या अर्थाच्या अक्षरात आतली छोटी चौकट जपानी पद्धतीनं उजवीकडे असायला हवी, ती चीनच्या पद्धतीनं डावीकडे जाते. अर्थ बदलत नाही, पण जपानी वाचकाला ते पान परकं वाटतं. हे आपल्याला समजायला हवं. आपले 'श' आणि 'ल' मराठी वळणाचे आणि हिंदी वळणाचे वेगळे आहेत, क्रमांक एकच. काही देवनागरी फॉन्ट भाषा मराठी सांगितली तरच मराठी वळण देतात. तिथे भाषेची खूण चुकली की आपल्याला बोचतं, तसंच त्यांना इथे बोचतं. म्हणून प्रत्येक फाइलच्या मुळाशी भाषा जपानी अशी नोंदवा, नुसती मेटाडेटात, म्हणजे पुस्तकाच्या माहितीच्या नोंदीत, नाही.

स्टाइलशीटमधल्या फॉन्टच्या यादीतला क्रमही बघा. पुष्कळजण इंग्रजी शब्द देखणे दिसावेत म्हणून रोमन फॉन्ट पहिला लिहितात आणि जपानी दुसरा. पण लोपचिन्हाची (…) टिंबं, लांब डॅश, अवतरणचिन्हं रोमन फॉन्टमध्येही असतात, आणि यंत्र ती तिथूनच उचलतं. रोमन फॉन्टमधली टिंबं तळरेघेवर असतात. ओळ फिरली की ती मधोमध न येता डावीकडे सरकतात. जपानी फॉन्ट आधी ठेवा आणि रोमन शब्दांना स्टाइलशीटमध्ये वेगळा वर्ग द्या. अवतरणचिन्हांचं मात्र फॉन्टवर भागत नाही. उभ्या मजकुरात त्यांच्यासाठी निराळी चिन्हं वापरायची पद्धत आहे आणि ती बदलणं हे संपादकाचं काम आहे. जपानी न वाचता मजकुरात शोधून-बदलण्याची घाई कुणी करू नये. पुण्यात जपानी शिकलेली माणसं भरपूर आहेत, त्यांना विचारा.

अख्खं पानच आडवं आलं, तर गोष्ट फॉन्टची नाही. ईपब ३ आलं २०११ साली, आणि उभ्या लेखनाचा सीएसएस (स्टाइलशीटची भाषा) नियम पक्का झाला २०१९ च्या डिसेंबरात. मधली आठ वर्षं प्रत्येकानं नियमाच्या नावाआधी आपापला उपसर्ग लावून काम भागवलं. जुन्या ॲपसाठी ते उपसर्गवाले नियम आजही साध्या नियमासोबत लिहावे लागतात. ओळी उभ्या आल्या पण पानं उलट दिशेनं उलटतात, तर पॅकेज फाइलमध्ये पानांची दिशा उजवीकडून डावीकडे नोंदवायची राहिली आहे.

एका गोष्टीवर मी थोडा थांबेन, ती म्हणजे माणसांची नावं. जपानी अक्षरांच्या राष्ट्रीय मानकात २००४ साली १६८ अक्षरांची नमुना-रूपं बदलली. 'त्सुजी' या आडनावाच्या अक्षरात एका टिंबाच्या जागी दोन आली. क्रमांक तोच राहिला. जुन्या फॉन्टवर तपासलेलं प्रूफ नव्या फॉन्टवर वेगळं दिसतं, आणि लेखकाच्या कुटुंबाचं आडनाव त्याच्याच पुस्तकावर बदललेलं निघतं. अक्षरापुढे रूप ठरवणारी अदृश्य खूण जोडता येते, पण ती फॉन्टलाही कळली पाहिजे आणि ॲपलाही. सबसेट करताना तीही गळू शकते. नावांची वेगळी यादी करून ती प्रकाशकाकडून चित्रासह मागवून घ्या. ह्यात कंटाळा करू नका.

शेवटी कामाचं एक पान बनवा. त्यात पूर्णविराम, कंस, लांबवणारी रेघ, लहान काना, टिंबं, 'हाड', 'त्सुजी', एवढं असू द्या. ते पुस्तकासारखंच सबसेट करा, झाका, बांधा आणि मग शक्य तेवढ्या ॲपमध्ये उघडा. कामाच्या फोल्डरमधून ब्राउझरमध्ये उघडलं तर सगळं ठीकच दिसेल, कारण तिथे पुस्तकासाठी कापलेला, झाकलेला फॉन्ट नसतो, तुमच्या संगणकावरचा अख्खा फॉन्ट असतो.