रात्री राजा, सकाळी कॉल टाइम

नमस्कार श्रोतेहो.

टीव्ही मालिकेतल्या नटाबद्दल रेडिओवर बोलायचं, हे काहींना उलटंच वाटेल. पण रोज थोडी थोडी पुढे सरकणारी घरगुती गोष्ट आधी रेडिओवरच आली. अमेरिकेत १९३० च्या दशकात साबणाच्या कंपन्या पैसे घालून दुपारच्या वेळी, घरकामात असलेल्या बायकांसाठी अशा गोष्टी चालवत. आपल्याकडे मुंबई आकाशवाणीवरचं ‘पुन्हा प्रपंच’ आठवणारे श्रोते आजही असतील. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. कित्येकांनी त्यांचे चेहरे कधी पाहिले नव्हते, तरी ती घरातलीच माणसं झाली होती. मालिकेतल्या नटाचं भाग्य आणि त्याची अडचण, दोन्ही इथूनच सुरू होतात. भूमिका ओळखीची होते आणि माणूस मागे राहतो.

रोहिणी हट्टंगडींचंच बघा. ‘गांधी’ चित्रपटात त्यांनी कस्तुरबा केली, त्यासाठी त्यांना बाफ्टा मिळाला. पण एके काळी आमच्या वाडीत त्यांचं नाव काढलं तर बायका विचारायच्या, “म्हणजे आशालता देशमुखच ना?” ‘चार दिवस सासूचे’ ही त्यांची मालिका २००१ साली ई टीव्ही मराठीवर सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. नावात चार दिवस, भाग झाले तीन हजारांच्या वर. एवढा काळ एखादी व्यक्ती रोज तुमच्या जेवणाच्या वेळेला समोर असेल, तर तिचं खरं नाव विसरणाऱ्यांना दोष तरी कसा द्यायचा?

माझा एक मित्र या धंद्यात आहे. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. लांजा तालुक्यातला. गावच्या उत्सवातली नाटकं, मग एकांकिका, मग रत्नागिरी केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धा, असा आपल्याकडच्या पोरांचा नेहमीचा रस्ता त्यानेही धरला. पतसंस्थेतली नोकरी सोडून मुंबईला गेला तेव्हा वडील महिनाभर बोलले नाहीत. सुरुवातीला कामं मिळाली ती एकेका दिवसाची. आज हवालदार, पुढच्या महिन्यात वकील, मग लग्न लावणारा भटजी. त्यातला भटजी त्याने इतका चोख केला की पुढे बराच काळ त्याला फक्त भटजीच मिळाले. मग एका मालिकेत नायिकेचा खवचट मामा मिळाला आणि घर चालायला लागलं.

गावाला आला की बाजारात त्याला कोणी नावाने हाक मारत नाही, “मामा” म्हणतात. त्याची आई तर पहिले सहा महिने भाग संपला की फोन करायची, “अरे, त्या पोरीला एवढं घालूनपाडून कशाला बोलतोस रे? शेजारी काय म्हणतील?” तो सांगायचा, “आई, ते लिहिलेलं असतं गं.” त्यावर आईचं उत्तर ठरलेलं, “मग लिहिणाऱ्याला सांग.”

आमच्यात, म्हणजे हौशी नाटकवाल्यांत, मालिकेतल्या अभिनयाला नाक मुरडायची पद्धत आहे. मीही नाटकवालाच, पण मला हे नाक मुरडणं पटत नाही. काम कसं चालतं ते आधी बघावं. आठवड्याला सहा भाग, प्रत्येक भागात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं. चित्रपटात दिवसाला दोन-तीन मिनिटांचा ऐवज हाती लागला तरी चालतं. इथे रोज जवळजवळ एक भाग उरकावाच लागतो, नाहीतर पुढे साठवलेल्या भागांची ‘बँक’ संपते आणि वाहिनीकडून फोन सुरू होतात. सकाळी सातचा कॉल, म्हणजे सेटवर तयार राहायची वेळ, असेल तर साडेसहाला मेकअपच्या खुर्चीत. शिफ्ट बारा तासांची, पण बाराव्या तासाला “एवढा एकच सीन” असं कोणीतरी म्हणतंच. सीनचे कागद पुष्कळदा सेटवर आल्यावर हातात पडतात. पाठांतराला जो वेळ मिळतो तो केस विंचरले जात असताना.

आणि सलग काही नसतंच. समोरच्या नटीची तारीख दुसरीकडे असेल तर तिचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याजवळून घ्यायचे शॉट, आधी उरकतात आणि ती निघून जाते. मग माझा मित्र रडणाऱ्या भाचीला झापतो तेव्हा समोर भाची नसतेच, कागद धरून सपाट आवाजात भाचीची वाक्यं वाचून क्यू देणारा सहायक दिग्दर्शक असतो. त्याच्याकडे बघून डोळ्यांत राग आणायचा. दार उघडून तो बाहेर पडतो ते मंगळवारी, आणि दाराच्या बाहेर पाऊल टाकतो ते पुढच्या शुक्रवारी. तेव्हा बाही किती दुमडली होती, पेन कोणत्या खिशात होतं, हे मोबाइलवरचे फोटो काढून जुळवायचं. रागही तेवढाच जुळवायचा, आणि त्याचा फोटो कुठे नसतो.

तळकोकणातल्या माणसाला हे नवं वाटू नये. आपला दशावतारी काय करतो? लिखित संहिता नाही. खेळाआधी रंगपटात कथानक ठरतं, कोण कुठे येणार ते ठरतं, आणि संवाद उभ्या उभ्या, त्या रात्रीच्या प्रेक्षकांसमोर. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आज या गावात दहिकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, उद्या त्या गावात. पूर्वी खेळ संपला की पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरायची. म्हणून तर म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. मालिकेतल्या नटालाही आजचं बोलणं आजच उभं करायचं असतं. फरक आहे तो दशावतारी नटाच्या बाजूने. त्याला प्रेक्षक समोर दिसतात, फसलं तर तिथल्या तिथे सावरता येतं. मालिकेतल्या नटाला प्रेक्षक भेटतात ते गुरुवारी, कोणती मालिका किती बघितली गेली ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेच्या आकड्यांतून.

त्या आकड्यांवर माणसांचं पोट ठरतं. ट्रॅक, म्हणजे कथेतला तो धागा, चालला तर मामा वाढतो, नाही चालला तर मामा काशीयात्रेला जातो. माझ्या मित्राचा मामा असाच एका सकाळी बदलीवर गेला. त्याला ते सीनचे कागद वाचताना कळलं. निरोपाचा सीन दुपारी होता, तोही त्याने नीट केला.

पैशाचं थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं टीव्हीवर दिसला म्हणजे लखपती. बहुतेकांना पैसे दिवसाच्या हिशोबाने मिळतात. काम झालं तितके दिवस मोजायचे, आणि रक्कम हातात येते ती साधारण तीन महिन्यांनी. भरपगारी रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. घराचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो. आणि सण? अख्खी मुंबई कोकण रेल्वेत कोंबून चाकरमानी गणपतीला गावाला येतात. त्यात हा नसतो, कारण मालिकेतल्या घरातही गणपती बसलेला असतो. तिथली आरती आधीच चित्रित झालेली, आणि खऱ्या चतुर्थीला तो नंतर दाखवायच्या नवरात्राच्या धावपळीत. एका वर्षी त्याच्या घरच्यांनी घरच्या गणपतीसमोर बसून टीव्हीवर त्याला दुसऱ्याच गणपतीची आरती करताना पाहिलं.

२०२० च्या मार्चमध्ये सगळंच थांबलं. वाहिन्यांवर जुने भाग आले, आणि दिवसावर पैसे घेणाऱ्यांचे दिवस शून्यावर आले. चित्रीकरणाला पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा राज्य सरकारच्या नियमाप्रमाणे पासष्टच्या पुढच्या कलावंतांना सेटवर बंदी होती. ती ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उठवली, कारण पोट त्यांनाही होतं. पुढच्याच महिन्यात, मूळच्या गोव्याच्या आशालता वाबगावकर साताऱ्याकडे एका मालिकेचं चित्रीकरण करताना करोनाने आजारी पडल्या. २२ सप्टेंबरला त्या गेल्या. वय ७९. संगीत नाटकापासून हिंदी चित्रपटांपर्यंत सगळं करून झालेली ही बाई त्या वयात, त्या दिवसांत सेटवर उभी होती. याला कोणी हलका अभिनय म्हणो, मी म्हणणार नाही.

आता थोडं आपल्या दाराशी येऊ. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘रात्रीस खेळ चाले’ ही गूढ मालिका सुरू झाली, ती सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या एका वाड्यात चित्रित होत होती. सुरुवातीला इथूनच विरोध झाला. कोकण म्हणजे काय फक्त भुतंखेतं, असं लोक म्हणाले, आणि त्यात तथ्य नव्हतं असं मला आजही वाटत नाही. पण मग त्याच वाड्यासमोर फोटो काढायला पर्यटक थांबायला लागले. २०१९ मध्ये दुसरा भाग आला, २०२१ मध्ये तिसरा. माधव अभ्यंकरांना लोक अण्णा नाईक म्हणूनच ओळखायला लागले. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली रंगभूमीवर गाजवली होती. आता ती रात्रीच्या मोक्याच्या वेळेला, सोलापूर-नागपूरच्या घरांतही रोज ऐकू येऊ लागली. प्रल्हाद कुडतरकरांसारखा माणूस एकीकडे लेखन करत होता आणि दुसरीकडे पांडू म्हणून कॅमेऱ्यासमोर उभा होता. इथल्या मुलांना त्यातून कळलं की बोलीवर काम मिळू शकतं.

म्हणून जाता जाता, ज्यांना या वाटेला जायचंय त्यांच्यासाठी मित्राने सांगितलेल्या चार गोष्टी देतो. ऑडिशनसाठी आता प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही, पुष्कळदा मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवतात. तो आडवा धरून करा, मागे साधी भिंत ठेवा, आणि पावसाळ्यात पत्र्याखाली बसून करू नका, काही ऐकू येत नाही. सुरुवातीला नाव, वय, उंची आणि येणाऱ्या बोली सांगा. मालवणी असो, संगमेश्वरी असो, आगरी असो, ती येते असं स्पष्ट सांगा. ऑडिशनसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, खरं काम देणारे पैसे मागत नाहीत. आणि पहिल्या मालिकेचा करार सही करण्याआधी पूर्ण वाचा. महिन्याला किती दिवस काम देणार ते त्यात लिहिलंय का, ते आधी बघा. नसेल तर लिहून घ्या.

नमस्कार.