हँडलवरचा डबा: जुना ठेवायचा की नवा घ्यायचा

(ठाण्यात पाचपाखाडीला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्या रायडर मंडळींसमोर बोललो, त्याचं हे शब्दांकन. खोकले, चहा आणि मधे वाजलेले फोन काढून टाकलेत.)

नमस्कार मंडळी. आधी एक कबुली देतो म्हणजे नंतर कोणी पकडायला नको. मी नवा जीपीएस घेतला तो त्यातल्या एकाही फीचरसाठी नाही, घेतला कारण मला चाळिशी लागली. माझ्या जुन्या झुमो ६६० चा, म्हणजे गार्मिन कंपनीच्या मोटरसायकलवर लावायच्या जीपीएसचा, पडदा ४.३ इंचाचा, हेल्मेटच्या आत जवळचा चष्मा घालून गाडी चालवता येत नाही आणि न घालता पुढच्या वळणाचं अंतर तीनशे आहे की आठशे ते कळत नाही. पडद्याकडे बघायला मान पुढे काढायची आणि तेवढ्यात समोर स्पीडब्रेकर. घरी बायको म्हणाली डोळे बदलता येत नाहीत ना, मग डबा बदल. तिचा मुद्दा बरोबर होता, पण जुना टाकून द्यायचा की नाही हा प्रश्न राहिलाच, आणि आज त्याच्यावरच बोलायचं आहे.

थोडं वंशावळीचं सांगतो, कारण सेकंडहँड बाजारात हीच नावं फिरतात. गार्मिनचा झुमो ५५० साधारण २००६-०७ चा, साडेतीन इंचाचा पडदा, डाव्या बाजूला अंगठ्याने दाबायची बटणं. नंतर २००९ मध्ये ६६०. मग मधे बरेच आले, ते सोडून देतो. २०२० ला झुमो एक्सटी आला, साडेपाच इंच. २०२३ ला एक्सटी २, सहा इंच. टॉमटॉम कंपनीचे 'रायडर' नावाचे डबे पण आहेत, पण माझा हात त्यांच्यावर बसलेला नाही त्यामुळे त्यांच्याबद्दल शहाणपणा करत नाही.

आता पहिला प्रश्न तुमच्या तोंडावर दिसतोच आहे, की फोन आहे ना, मग हे लोढणं कशाला. बरोबर आहे. घोडबंदरला गायमुखच्या आधी लाल रेघ कुठपर्यंत गेली आहे ते फोनइतकं कोणी सांगत नाही, जुन्या झुमोला तर ट्रॅफिक म्हणजे काय हेच माहीत नाही. रोजच्या ऑफिसच्या रस्त्याला फोनच. पण टूरला फोन हँडलवर लावू नका असं माझं मत आहे आणि त्याची कारणं ऐकीव नाहीत. २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच लिहून दिलं की मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलमधून फोनपर्यंत गेली तर कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. आपल्यातल्या सिंगल सिलिंडरवाल्यांनी हे जरा मनावर घ्या, ट्विनवाल्यांनी थोडं कमी घ्या. दुसरं ऊन. आयफोन वापरायचं तापमान कंपनी ३५ अंशांपर्यंत सांगते, आणि मे महिन्यात मुरबाडच्या पुढे ३५ म्हणजे सकाळचे नऊ. पडदा आधी मंद होतो, मग फोन गप्प बसतो. तिसरं लडाख. तिथे आपलं महाराष्ट्राचं प्रीपेड सिम चालतच नाही, पोस्टपेड लागतं, ते चाललं तरी मधली कितीतरी अंतरं नेटवर्कशिवायच जातात. ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला तर फोनही वाट दाखवतो, नाही असं नाही, कारण उपग्रहाचा सिग्नल आणि मोबाइलचं नेटवर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत असेल आणि निम्म्यांनी आज घरी जाऊन विमान मोड लावून बघा. पण घरी फोन करायचं साधन आणि वाट दाखवायचं साधन एकच असेल आणि ते पावसात भिजलं तर दोन्ही एकदमच जातात. माझा फोन खिशात असतो, कोरडा.

ठीक, मग डबाच घ्यायचा. जुना की नवा?

लोकांना वाटतं जुना जीपीएस जागा चुकीची दाखवतो. मुळीच नाही. २००० साली मे महिन्यात अमेरिकेने सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून साध्या रिसीव्हरलाही रस्त्यावर चालण्याइतकी अचूकता मिळते. नव्या चिपा जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ असे बाकीचेही उपग्रह ऐकतात, त्याचा फायदा घाटात होतो, एका बाजूला कडा आणि निम्मं आकाश झाकलेलं असलं की. तेव्हा जुना थोडा भांबावतो आणि तुम्हाला रस्त्याच्या बाजूला दरीत चालताना दाखवतो. पण तुम्ही दरीत नाही हे तुम्हाला दिसतंय की.

जुन्याचा खरा आजार वेगळा, तो म्हणजे नकाशा. २०१० मध्ये आपल्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले. जुन्या नकाशात मुंबई-गोवा अजून १७ आहे, पाटीवर ६६ लिहिलंय. पुण्याचा ४ आता ४८. कशेडीला बोगदा झाला, जुन्या नकाशात तिथे डोंगर आहे, म्हणून बोगद्यात शिरलात की आधी डबा म्हणतो मार्ग चुकला, मग सिग्नल जातो, मग बाहेर आल्यावर तो परत हिशोब करत बसतो. संभाजीनगर शोधाल तर सापडणार नाही, औरंगाबाद टाकावं लागेल.

आणि नवा नकाशा म्हणजे सगळं ठीक असंही नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नव्या नकाशात तो दिसतो, उलव्याकडून शिवडीला जायला एकदम सरळ. पण दुचाकीला बंदी! तसंच पुणे एक्सप्रेसवे, तसाच समृद्धी. डब्यात गाडीचा प्रकार मोटरसायकल असा लावलाय म्हणून डबा हे सगळं टाळेलच असं धरून चालू नका. कळंबोलीला आमचा एक मित्र आज्ञाधारकपणे डब्याचं ऐकून एक्सप्रेसवेच्या तोंडाशी गेला आणि तिथून गाडी वळवून आणताना जो घाम आला तो पावती फाडण्यापेक्षा महाग होता. टाळायच्या रस्त्यांची सोय मेनूत असते, हे रस्ते तिथे एकदा हाताने टाकून ठेवा.

नकाशा कुठून आणायचा? विकतचा मिळतो, पण जुन्या डब्याची आतली मेमरी नव्या नकाशाला पुरत नाही, कार्डवर टाकावा लागतो. परदेशातून कोणी भावाने, मेव्हण्याने आणलेला डबा असेल तर त्यात तिकडचा नकाशा असतो, भारताचा वेगळा घ्यायचा. फुकटचा रस्ता म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ पासून जगभरचे हौशी लोक तो बनवतात, त्यातून गार्मिनसाठी तयार फाइल मिळते, कार्डवर 'गार्मिन' नावाचं फोल्डर करायचं, त्यात 'जीमॅपसप' नावाची ती फाइल ठेवायची, झालं. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, आणि घरात पडलेलं मोठं ६४ जीबीचं कार्ड फार जुन्या डब्यात घालून ओळखत नाही म्हणून रडू नका, छोटं घ्या. त्या नकाशात आपल्याकडच्या गडांच्या पायथ्याची गावं, कच्चे रस्ते बऱ्यापैकी आहेत. पत्ता शोधणं मात्र कच्चं. पण टूरला पत्ता कोण शोधतो, गाव शोधतो आपण.

आता जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. रूट आणि ट्रॅक. ट्रॅक म्हणजे नकाशावर ओढलेली रेघ, डबा तिला हात लावत नाही. रूट म्हणजे तुम्ही दिलेले बिंदू, त्यांच्यामधला रस्ता डबा स्वतःच्या नकाशावर स्वतःच्या अकलेने जोडतो. कॉम्प्युटरवर एक नकाशा आणि डब्यात दुसरा असेल तर तोच रूट दोन्हीकडे वेगळा होतो. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भंडारदऱ्याला निघालो होतो, सहा गाड्या, पुढे मी, रूट रात्री बसून केलेला. शहापूरच्या जवळ एक बिंदू ठेवताना माझा माउस केसभर सरकला आणि बिंदू पडला दुभाजकाच्या पलीकडच्या लेनवर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळं एकच रेघ दिसतं हो! सकाळी डबा सांगतोय यू टर्न घ्या. मी म्हटलं पुढे रस्ता बंद असेल, याला काहीतरी ठाऊक असेल. पुढच्या कटवरून वळलो, मागे पाच जण वळले, तो बिंदू पार केला, मग डबा म्हणाला आता परत यू टर्न घ्या. एवढं करून आम्ही जिथे होतो तिथेच, आणि मागून एकाने विचारलं, काका काही राहिलं का घरी?

चूक शंभर टक्के माझी. त्याच्यावर उपाय असा की बिंदू दोन प्रकारचे असतात. एक जिथे थांबायचंच आहे असा, तो पार केल्याशिवाय डबा सोडत नाही. दुसरा फक्त वळण देणारा, शेपिंग पॉइंट म्हणतात, त्याची घोषणा नाही. चहाचा स्टॉप पहिल्या प्रकारात, बाकी सगळे दुसऱ्यात. नव्या डब्यात एखादा बिंदू वगळायचं बटण समोर मिळतं, जुन्यात मेनूत खोल जावं लागतं, आणि ते चालत्या गाडीवर करायचं नाही. मी आता रूटबरोबर ट्रॅकही पाठवतो, जाड निळी रेघ. डबा काहीही बडबडला तरी निळ्या रेघेवर राहायचं.

हा सगळा अभ्यास जुन्या लोकांनी बेसकॅम्पवर केला, कॉम्प्युटरवरचं गार्मिनचं सॉफ्टवेअर. ते अजून चालतं पण कंपनीने त्यात भर घालणं थांबवलंय. एक्सटी २ बरोबर सगळा कल फोनवरच्या ट्रेड ॲपकडे, खातं उघडा, ब्लूटूथ जोडा, रूट ढगातून खाली येईल. तरुण मंडळींना यात काही वाटत नाही. मला वाटतं. मी केबल लावली, फाइल टाकली, विषय संपला अशा पिढीतला. तुम्हाला फोनवर बोटाने रस्ता ओढायला आवडत असेल तर नवाच घ्या, जुना तुम्हाला छळेल.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी नीट ऐका. मी एकदा फोटो बघून घेतला, कुठला आणि कोणाकडून ते जाऊ दे. बॉक्स छान, स्क्रीनगार्ड छान, आणि मागचं झाकण बोटभर वर आलेलं. आतली बॅटरी फुगली होती. विकणारा म्हणतो झाकण जरा टाइट आहे. म्हणून हातात घेतल्यावर आधी मागून बघा, तो टेबलवर सपाट बसतो का. मग क्रेडल बघा, म्हणजे हँडलवरची बैठक, कारण डबा एक वेळ मिळेल, जुन्या मॉडेलची बैठक शोधत फिराल. तिच्या पितळी पिनांवर हिरवं साचलंय का? दोन कोकणचे पावसाळे बघितलेल्या पिना लगेच ओळखू येतात. वायरमध्ये फ्यूज शाबूत आहे का, कोणीतरी तो कापून नुसती टेप तर गुंडाळली नाही ना. मग उन्हात चला, सावलीत सगळे पडदे चांगले दिसतात.

आणि तारीख बघा. हे कोणी बघत नाही. जीपीएसचा सिग्नल आठवडे मोजतो आणि १०२४ आठवडे झाले की परत शून्यावर जातो, १९९९ च्या ऑगस्टमध्ये गेला, २०१९ च्या एप्रिलमध्ये गेला, आता २०३८ ला जाईल. ज्या जुन्या डब्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत नाही तो जागा बरोबर दाखवून तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची दाखवू शकतो. वाट सापडेल, पण ट्रॅकवरच्या तारखा सगळ्या वायफळ. आणि तपासताना उघड्यावर पंधरा-वीस मिनिटं द्या, लगेच बाद करू नका. बरेच महिने बंद असलेल्या डब्याला उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक नव्याने ऐकावं लागतं आणि ते एकदा पूर्ण यायलाच साडेबारा मिनिटं लागतात. फोनला ते इंटरनेटवरून आयतं मिळतं म्हणून तो क्षणात सांगतो.

मागून प्रश्न आला की इनरीच घ्यावा का, एसओएस बटणवाला. थांबा. तो इरिडियमच्या उपग्रहांवरून मेसेज पाठवतो, आणि असली यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे बाळगता येत नाहीत. परदेशी पाहुण्यांना विमानतळावर अडवलंय यावरून. नुसता ऐकणारा जीपीएस आणि वर बोलणारं यंत्र यात फरक आहे, परदेशातून कोणी प्रेमाने आणून देतो म्हणाला तर नको म्हणा.

मग मी स्वतः काय करतो? कोकण, नगर, नाशिक, दोन दिवसांच्या राइडला ज्याची नजर चांगली आहे त्याला कार्डवर ताजा नकाशा टाकलेला ६६० भरपूर झाला, उरलेले पैसे टायरला घाला. वर्षातून एकदा पंधरा दिवस निघत असाल, पावसात निघत असाल, किंवा माझ्यासारखं वय झालं असेल तर मोठा पडदा. त्यातही एक्सटी सेकंडहँड चांगल्या अवस्थेत मिळाला तर मी एक्सटी २ च्या मागे धावणार नाही, अर्धा इंच पडद्यासाठी. ज्याला ॲप आवडतं तो धावेल, धावू दे.

दोन्ही डबे खाली माझ्या गाडीवर लावून ठेवलेत, ऊन आहे तोवर उतरा आणि शेजारी शेजारी बघा. ग्लोव्हज घालूनच हात लावा, नाहीतर काही कळणार नाही. जुन्याला जरा दाबून टच करा, त्याला हळू बोललेलं ऐकू येत नाही.