गणेशखिंडीतले नवखे

पुण्याच्या गणेशखिंडीत चारशेहून अधिक एकरांवर पसरलेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात दरवर्षी अशी कितीतरी मुले-मुली येतात, ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी पदवीपर्यंत पोहोचलेले नसते. एकेकाळी गव्हर्नरांचे निवासस्थान असलेली मुख्य इमारत पाहून ती भारावतात; परंतु वर्गात पाऊल टाकल्यावर पहिली अडचण येते ती बोलण्याची. ‘काय करायलास?’ असे सहज विचारणारा मराठवाड्यातला मुलगा चार जण हसले की गप्प होतो आणि पुढे कित्येक दिवस हजेरीपुरतेच तोंड उघडतो. विभागात स्वागत समारंभ होतो, गुलाबाचे फूल मिळते, भाषणेही होतात. पण त्या रात्री मेसमध्ये कोणाबरोबर जेवायला बसायचे, हे त्यातून ठरत नाही.

ते ठरते बहुधा सोबत काम करताना. गरजू विद्यार्थ्यांना विद्यापीठातच रोज थोडा वेळ काम करून शिक्षणाचा खर्च भागवता यावा, यासाठी ‘कमवा व शिका’ योजना आहे, आणि तिथे मिळणाऱ्या मानधनाइतकीच मोलाची वाटते ती तिथे होणारी ओळख. ग्रंथालयात परत आलेली पुस्तके लावताना एक जण पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक वाचतो, दुसरी कपाटात जागा शोधते. क्रमांक चुकला की दोघे मिळून अख्खा कप्पा पुन्हा तपासतात. तो रसायनशास्त्राचा, ती मराठीची. एरवी त्यांची गाठ पडण्याचे कारण नव्हते. हात कामात गुंतलेले असले की बोलणे सोपे जाते: गावाकडे पाऊस झाला का, सोयाबीनला भाव काय मिळाला, धाकट्या बहिणीची दहावी कशी गेली. इथे बोलीला कोणी हसत नाही, कारण ऐकणाऱ्याचेही घर तसेच बोलत असते.

या योजनेमागचा विचार कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, ज्याला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. पाणवठेही जातीने वेगळे असण्याच्या त्या काळात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तिथे एका छताखाली राहत, मिळून स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला बसत. त्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. एकाने थापलेली भाकरी दुसऱ्याने खाण्यातून जी जवळीक निर्माण झाली, ती समतेवरच्या कोणत्याही व्याख्यानाने साधली नसती, असे आम्हाला मनापासून वाटते.

आजही वसतिगृहाच्या यादीत नाव न लागलेल्या मित्राला खोलीत जागा करून देणारी मुले आहेत. दोघांच्या खोलीत तिसरी गादी पडते, एका डब्यात दोघे जेवतात. हे नियमात बसत नाही आणि नियमालाही कारणे आहेत. परंतु त्या आधारावाचून अनेकांना शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावे लागले असते.

प्रवेशाच्या दिवसांत जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन रांगेत उभ्या असलेल्या नवख्या विद्यार्थ्यांजवळ काही जुने विद्यार्थी दिसतात. त्यांचे नाते एवढेच, की ते त्याच तालुक्यातले असतात. अर्ज ते भरून देतात, आणि दाखल्याची मुदत संपली असेल तर तहसील कार्यालयात नेमके कोणाला भेटायचे, हेही तेच सांगतात.